पुढचा प्रश्न

"जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून का गणित येतं? सूनबाई पोरीचं दहावीचं वर्ष घालवणार," आप्पा ओटीवर सासूबाईंना म्हणाले, ते आत ऋजुताला ऐकू आलं. नणंदेला गणित तीच शिकवायची. पण दारावरून माहेरच्या गावची एसटी गेली, की तिचीच बेरीज चुकायची. लग्न झाल्यापासून ती माहेरी गेलीच नव्हती.

जेवताना आप्पांनी तिला छेडलंच, "काय सूनबाई, जुने पेपर पाहून पुढचा प्रश्न ओळखता येतो म्हणे?"

"प्रश्नच काय, उत्तरही ओळखता येतं," ऋजुता हळूच म्हणाली. "माहेरी कधी जाऊ विचारलं, तर आधी म्हणालात संक्रांत झाल्यावर, मग रथसप्तमी झाल्यावर. आज विचारलं तर म्हणाल, शिमगा झाल्यावर. माझं चुकत असेल, आप्पा, तर उद्याच्या एसटीनं जाऊ द्या."