बाद ठरवलेला संगणक

घाटाखालच्या एका गावात अंध मुलांची निवासी शाळा होती आणि त्या शाळेत कुमुद गवंडे नावाची एक बाई पुस्तकं बोलती करत असे. ती स्वतः जन्मापासून अंध. गावातली हौशी माणसं तिच्या खोलीत येऊन धडे मोठ्याने वाचत. कुमुद ते ध्वनिमुद्रित करी, चुका कापी, मधले खोकले काढून टाकी आणि मुलांच्या हाती स्वच्छ, सलग पुस्तक देई.

हे काम ज्या संगणकावर चाले, तो तिने आयता आणलेला नव्हता. पेटी एकीकडून, मदरबोर्ड दुसरीकडून, ध्वनिमुद्रणाचं कार्ड तिसरीकडून, असं एकेक निवडून तिने तो बोटांनी चाचपत स्वतः जुळवला होता. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा एक प्रोग्राम त्यात होता. तो बोले आणि ती काम करी.

एकदा कळलं की त्या संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमला यापुढे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत. नवी आवृत्ती घालावी लागणार होती. शाळेचे कार्यवाह रेगे सर सावध गृहस्थ. जे संगणक नवी आवृत्ती घेणार नाहीत ते महिनाअखेर भंगारात काढायचे, असं त्यांनी ठरवलं आणि निनाद नावाच्या तंत्रज्ञाला बोलावलं.

निनादने कुमुदच्या संगणकावर तपासणीचा प्रोग्राम चालवला. हा संगणक नव्या आवृत्तीसाठी पात्र नाही, असं उत्तर आलं.

"हा बाद," निनाद म्हणाला आणि पुढच्या खोलीकडे निघाला.

रेगे सर समजुतीने म्हणाले, "कुमुद, मनाला लावून घेऊ नकोस. असे जुळवलेले संगणक कधीतरी दगा देणारच. नवा मिळेल तेव्हा मिळेल. तोवर तू कार्यालयात फोन घे."

दहावीच्या मुलांचं इतिहासाचं पुस्तक अर्धं झालं होतं. परीक्षा तोंडावर आली होती. पण कुमुदला जास्त झोंबला तो 'पात्र नाही' हा शब्द. कॉलेजच्या खिडकीवर तिने तो ऐकला होता, बँकेत ऐकला होता. प्रत्येक वेळी सांगणाऱ्याने आधी निकाल दिला होता आणि तिला काय येतं हे विचारलंच नव्हतं.

"सर, हा का पात्र नाही?" तिने विचारलं.

"संगणक स्वतःच सांगतोय ना."

"पात्र नाही एवढंच तो सांगतोय. का नाही, ते कोणी पाहिलंय? मला महिनाअखेरपर्यंत वेळ द्या. मी फोनवर बसणार नाही."

इतकं स्पष्ट बोलणं रेगे सरांना आवडलं नाही. "घे वेळ," ते म्हणाले. "पण उद्या तो पार बंद पडला तर जबाबदारी तुझी."

"माझीच आहे. जुळवलाय मीच."

कुमुदचं डोकं तापलं होतं, पण मुलांची पुस्तकं तिने पणाला लावली नाहीत. आधी सगळी ध्वनिमुद्रणं दुसऱ्या डिस्कवर उतरवली आणि ती तिथून नीट ऐकू येतात याची खात्री केली. मग तपासणीचं उत्तर शेवटपर्यंत वाचून घेतलं. त्यात खाली बारीकसारीक कारणं दिली होती. संगणकात सुरक्षेची चिप सापडत नव्हती आणि सुरक्षितपणे सुरू होण्याची सोय बंद होती.

तिने मदरबोर्डाची माहिती शोधून काढली आणि प्रोग्रामकडून वाचून घेतली. एका जागी तिचा हात थबकला. चिपचं काम करणारी सोय तिच्या संगणकात होती. पण कारखान्यातून निघतानाच ती बंद ठेवलेली होती आणि नंतर ती कोणी चालू केली नव्हती.

"म्हणजे अंगात आहे, पण बाद," ती स्वतःशीच म्हणाली. तिला हसू आलं आणि रागही आला.

चालू करायची तर संगणकाच्या मुळातल्या सेटिंगमध्ये जायला हवं होतं. अडचण तिथेच होती. ते सेटिंग ऑपरेटिंग सिस्टीम जागी होण्याआधी उघडतं आणि तोवर वाचून दाखवणारा प्रोग्राम झोपलेला असतो. कुमुदने फोनचा कॅमेरा पडद्यासमोर धरून पाहिला. पडद्याच्या चकाकीत अक्षरं फोनला ओळखू येईनात.

दुपारची जेवणं आटोपल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि अनसूया मावशींना हाताला धरून घेऊन आली. मावशी शाळेचा स्वयंपाक करत.

"अगं, मला कुठलं इंग्रजी?" मावशी म्हणाल्या.

"अक्षरं येतात ना? तेवढी बास. मी सांगते तिथली एकेक सांगा."

मावशींनी ओले हात पदराला पुसले आणि पडद्याला नाक लावून वाचायला लागल्या. कुमुद बाण असलेली बटणं दाबत पुढे सरकत होती. बऱ्याच ओळी गेल्यावर तिला हवी ती ओळ आली.

"त्याच्या समोर काय आहे, मावशी?"

"डी... आय... एस... ए..."

"पुरे. बंद आहे." कुमुदने बटण दाबलं. "आता बघा."

"ई... एन... ए..."

चिप चालू झाली. आता मात्र कुमुदला धीर धरवला नाही. त्याच बैठकीत तिने जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोयही बंद करून टाकली, कारण सुरक्षितपणे सुरू होण्यासाठी ती बंद करावी लागणार होती. संगणक पुन्हा सुरू केला. पंखा फिरला, पण बोलणारा आवाज आला नाही.

"पडदा काळा आहे गं," मावशी हळूच म्हणाल्या.

नेमके त्याच वेळी रेगे सर दारात आले. त्यांनी पडदा पाहिला आणि सुस्कारा सोडला. "झालं ना? सांगत होतो मी. आता सोड हा हट्ट. काही गोष्टींना मर्यादा असते, ती मान्य करावी."

कुमुदच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चूक तिची होती आणि ते तिला ठाऊक होतं.

"मी घाई केली, सर. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या," ती म्हणाली. "त्यातली एक आता परत फिरवते. पण मर्यादा कुठे आहे, ते मी स्वतः हात लावून बघणार. तोवर मान्य करणार नाही."

सर निघून गेले. मावशी जागेवरून हलल्या नाहीत. "चल, कुठली अक्षरं?" त्यांनी विचारलं.

कुमुदने दुसरा बदल मागे घेतला. संगणक सुरू झाला आणि बोलला. मग तिने शोधलं तेव्हा कळलं, की डिस्कवरची मांडणी जुन्या धाटणीची होती. संगणकाला नव्या पद्धतीने सुरू व्हायला सांगितलं तर त्याला ती उमजत नव्हती. आधी डिस्क नव्या मांडणीत आणायची, नंतर जुनी सोय बंद करायची आणि शेवटी सुरक्षितपणे सुरू होण्याची सोय चालू करायची, असा क्रम होता. मावशींकडून अक्षरं वाचून घेत तिने तो पाळला. या वेळी पंख्यापाठोपाठ आवाजही आला. तपासणीचा प्रोग्राम पुन्हा चालवला. संगणक पात्र ठरला.

तरी लढाई संपली नव्हती. नवी आवृत्ती अर्धीअधिक चढली, अडली आणि संगणक मुकाट्याने जुन्या आवृत्तीवर परतला. पुन्हा करून पाहिलं तर पुन्हा तेच. कुमुद टेबलावर कपाळ टेकून बसली. क्षणभर तिला वाटलं, सर म्हणतात तेच खरं असेल. फोन घेणं सोपं होतं. तिथे कोणी तिला अडवलं नसतं आणि तिने काही बिघडवलंही नसतं.

हाच विचार तिला सहन झाला नाही. ती उठली, वायर काढली आणि पेटी उघडली. जे जे आवृत्ती चढवायला लागत नाही ते ते बाजूला करायचं, पण एका वेळी एकच. पहिल्यांदा जास्तीची डिस्क काढली. फरक पडला नाही. मग बोटांनी ध्वनिमुद्रणाचं कार्ड शोधलं आणि अलगद उपसून काढलं. वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामचा आवाज मदरबोर्डातूनच येई, त्याला हे कार्ड लागत नसे. त्या कार्डाला चालवणारा जुना प्रोग्रामही पुसून टाकला. नवी आवृत्ती पुन्हा चढवायला घेतली आणि खोलीचं दार लावून बाहेर पायरीवर जाऊन बसली.

बऱ्याच वेळाने आतून ओळखीचा आवाज आला. नव्या आवृत्तीत स्वागत असल्याचं तो सांगत होता. कुमुदने कार्डासाठी नवा प्रोग्राम मिळवला, कार्ड जागच्या जागी बसवलं आणि मायक्रोफोनसमोर बोलून पाहिलं. आवाज स्वच्छ उमटला. तिने मावशींना मोठ्याने हाक मारली.

महिनाअखेर निनाद बाद संगणक न्यायला आला, तेव्हा खोलीत इतिहासाच्या शेवटच्या धड्याचं ध्वनिमुद्रण चाललं होतं. तो ते संपेपर्यंत भिंतीशी उभा राहिला. मग कुमुदने काय काय केलं ते त्याने विचारलं आणि तिने काही न लपवता सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा.

"मी पहिली ओळ वाचून निघालो," निनाद म्हणाला. "मला दिवसभरात सगळी शाळा उरकायची होती. आता तालुक्याच्या वाचनालयातही असेच काही संगणक बाद ठरवून ठेवलेत. उद्या याल का?"

"येईन," कुमुद म्हणाली. "पण दुपारची जेवणं झाल्यावर. मावशींना त्याआधी सुटता येत नाही."

तात्पर्य: कोणी नालायक म्हटलं म्हणून मान खाली घालू नये. कारण विचारावं, आपली चूक झाली तर ती कबूल करावी आणि खरं काय ते हाती लागेपर्यंत एकेक गोष्ट तपासत राहावं.