बेचाळिसावी सावली

हे कुणाला सांगायचं नाही, असं आत्याने मला बजावलं होतं. मी सांगत नाहीये, फक्त लिहितेय.

"मॅडम, जे हत्यार जगात नाहीच, ते दर वेळी शोधायचं कशासाठी?" आत्याने विचारलं.

टिपणीस मॅडमनी भिंतीवरच्या फळ्याकडे बोट दाखवलं.

मॅडम पूर्वी विमानांच्या कारखान्यात मोठ्या पदावर होत्या. एकवीस वर्षांपूर्वी एके दिवशी ते सगळं सोडून माळावरच्या विद्यापीठात शिकवायला आल्या. आता कुलगुरू होत्या, आणि महिन्याभरात निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी त्यांचीच विद्यार्थिनी, म्हणजे शाल्मलीआत्या, येणार असं सगळे धरून चालले होते. आत्याही.

विद्यापीठाची विमानं जिथे ठेवत, त्या हँगरच्या भिंतीवर हत्यारांचा फळा होता. प्रत्येक पान्याची, प्रत्येक पकडीची काळी सावली त्यावर रंगवलेली. काम संपलं की हत्यार आपल्या सावलीवर टांगायचं. एखादी सावली उघडी राहिली, तर ते हत्यार विमानात राहिलं असं समजून शोधायचं.

हत्यारं एक्केचाळीस होती. सावल्या बेचाळीस.

शेवटची मॅडमनी स्वतः रंगवली होती. एका टोकाला पाना, दुसऱ्या टोकाला वाकलेल्या बोटासारखं काहीतरी. तसलं हत्यार कुणी पाहिलं नव्हतं. तरी सरावाच्या विमानांच्या प्रत्येक उड्डाणाआधी मुलं तासभर ते शोधत, मगच मॅडम सही करत. मुलं त्याला भुताचा पाना म्हणत.

आत्याने हे विचारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मुलांनी स्वतः बनवलेलं विमान पहिल्यांदा उडणार होतं. मंत्री येणार होते. त्यांच्यासमोर भुताचा पाना शोधत बसलो तर लोक हसतील, असं आत्याने परोपरीने सांगून पाहिलं.

"सावली उघडी आहे, शाल्मली," मॅडम एवढंच म्हणाल्या.

आत्याला राग आला. तिने कार्यशाळेत त्या सावलीच्या मापाचं हत्यार पोलादातून कापून घेतलं आणि संध्याकाळी फळ्यावर टांगलं. तंतोतंत बसलं. मग हँगरला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं.

सावली उघडी होती.

"मॅडम... तुम्ही काढलंत का?"

मॅडमनी दोन्ही तळहात पुढे केले. रिकामे.

"किल्ली कुणाकडे होती?"

"माझ्याकडे."

"हत्यार कुणी केलं?"

"...मी."

"म्हणजे आता ते आहे," मॅडम म्हणाल्या. "शोध."

आत्याने विमानाची सगळी झाकणं उघडायला लावली. एकेका मुलाला विचारलं. कुणी हात लावला नव्हता. शेवटी तिने खांद्यापर्यंत हात पंखात घातला. बाहेर ऊन रणरणत होतं, पण पंखाच्या आत विहिरीत असावा तसा गारवा होता.

अकरा वाजून गेले. वैमानिक कॅप्टन उपासनी हेल्मेट काखेत धरून उभे होते. नाश्ता तर जिरला, आता जेवूनच उडू या, असं म्हणून हसत होते. मंत्र्यांच्या सचिवांनी आत्याला बाजूला घेतलं. एका पान्यासाठी साहेबांना उन्हात बसवणार असाल तर कुलगुरूपद विसरा, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं.

मॅडमनी उड्डाणाचा कागद आत्यापुढे धरला. स्वतःचं पेन उघडून तिच्या हातात दिलं.

"आज सही तू कर."

आत्याने कागदाकडे पाहिलं. मग उपासनींकडे. ते अजून हसत होते...

तिने पेनाला टोपण लावलं.

गाड्या गेल्या. धूळ खाली बसली. उपासनी घरी जेवायला गेले. मुलंही पांगली. हँगरमध्ये दोघीच उरल्या, आणि विमान.

आत्या पुन्हा पंखात हात घालून बसली. दुसऱ्या पंखापाशी मॅडम पदर खोचून गुडघ्यांवर बसल्या होत्या. त्यांचाही हात आत होता.

"मॅडम, ते इथे नसेलही."

"नसेलही."

"मग किती दिवस शोधायचं?"

मॅडमनी हात आणखी आत सरकवला.

"मी एकवीस वर्षं शोधतेय."

आत्या सांगते, की तेवढ्यात तिच्या बोटांना पंखाच्या आत काहीतरी—

आत्या हाक मारतेय. आले, आत्या.