दोन बाळकृष्ण

“पण माई, चौघेजण आधीच बसलेत. पाचव्याकडे कोण येणार?”

मठात माई आम्हा बायकांसोबत वाती वळत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

“कुठले चौघे, बाबा?”

निरंजन माईंचा जुना शिष्य. हुशार, आणि ते त्याला ठाऊकही होतं. नोकरी सोडलेली. एमआयडीसीच्या रस्त्यावर कुलपाच्या खोल्या बांधायच्या, बदली झालेल्यांचं, घर दुरुस्तीला काढलेल्यांचं सामान भाडं घेऊन ठेवायचं, असं त्याच्या मनात होतं. जागेच्या मालकाला आज हो की नाही ते कळवायचं होतं, आणि त्याची झोप उडाली होती.

“चौघांकडे गिऱ्हाईक होऊन जाऊन आलो. एकाकडे कॅमेरे. एकाकडे लिफ्ट. तिसरा पहिला महिना फुकट देतो. चौथ्याकडे वाळवी आहे, पण जागा स्टँडसमोर.”

“बरंच बघितलंस.”

“सगळं बघितलं, माई.”

“मग एवढे देव घासून दे. बोलता बोलता होतील.”

मठात एका फळीवर परगावी गेलेल्यांचे घरचे देव असतात. बंद घरात ते बिनपूजेचे राहू नयेत म्हणून लोक माईंकडे आणून देतात. प्रत्येक घराचे देव आपापल्या वस्त्रावर.

निरंजनने सगळे उचलून एकाच ताम्हनात घातले. चिंच लावता लावता चौघांचे दर, चौघांची कुलपं सांगत राहिला.

मग हात थांबला.

“माई… बाकीचे लक्षात आहेत. पण हे दोन बाळकृष्ण… यातला वैद्यकाकूंचा कुठला?”

माईंनी पुढची वात वळायला घेतली.

“काकू आज न्यायला येणार ना?”

“निघाल्या असतील.”

त्याने दोन्ही मूर्ती पुसून तळहातावर घेतल्या. तोच रांगता गुडघा, तोच लोण्याचा गोळा. कपाळावर घाम आला.

“तुम्हाला ओळखू येईल, माई.”

“माझ्या हातात वाती आहेत.”

शेजारी वाती वळणाऱ्या आम्हा बायकांपैकी कुणीही सांगितलं असतं. माईंनी डोळ्यांनीच गप्प बसवलं.

तो फळीपाशी गेला. एकेक वस्त्र उलगडून बघू लागला. एकाच्या घडीत तांदळाचे दाणे होते.

तांदूळ…

काकू देव ठेवायला आल्या तेव्हा तो इथेच होता, मोबाइलमध्ये कुणाच्या तरी गोदामाचे फोटो मोठे करून बघत. काकू काहीतरी सांगत होत्या… आमचा जरा डुलतो हो, खाली चार तांदूळ घालत जा…

त्याने दोन्ही बाळकृष्ण पाटावर ठेवले.

एक बसला. एक डुलला.

निरंजन मटकन खाली बसला आणि हसायलाच लागला. डोळे भरून आले होते. मग वस्त्र नीट अंथरून, तांदूळ सारखे करून, डुलणारा बाळकृष्ण त्याने दोन्ही हातांनी त्यावर टेकवला. हलतो का ते बघितलं. पुन्हा एकदा बघितलं.

माईंनी वातींचं तबक बाजूला सारलं.

“तो तिसरा काय देतो म्हणालास?”

“कोण तिसरा?”

आम्ही हसलो. तोही.

थोड्या वेळाने त्याने हळूच विचारलं, “माई, मालकाला काय कळवू? सुरू करू ना?”

“घाम पूस आधी. सुरू तर मघाशीच केलंस.”