राजांचा करकरणारा झोपाळा

राजे गजेंद्ररावांचा झोपाळा करकरायला लागला आणि साऱ्या देवकुंडी संस्थानाची झोप उडाली. राजे दुपारी जेवून झोपाळ्यावर बसत, उजव्या टोकाला लोडाला टेकत, एक पाय वर दुमडून घेत आणि दुसऱ्यानं जमिनीला रेटा देत. रेटा बसला की तुळईत ठोकलेले लोखंडी आकडे असे काही ओरडत, की नगारखान्यातली कबुतरं उडत.

हेही राजांनी चालवून घेतलं असतं. पण एक दिवस त्यांचे व्याही आले, पान चघळत बसले आणि सहज विचारते झाले, "राजे, दिवाणखान्यात बैलगाडी जुंपलीय की काय?" झालं! व्याह्यांची पाठ फिरताच भिवा लोहाराला बोलावणं गेलं.

भिवानं कान देऊन ऐकलं आणि सांगितलं की शिडी लावून वर थेंबभर तेल सोडलं की काम होईल. राजे म्हणाले, तेल नको, मागच्या खेपेला ते ठिबकून जरीच्या पागोट्यावर पडलं होतं. मग आकडे बदलू, भिवा म्हणाला. आकडे आजोबांनी बसवून घेतलेले, ते बदलणं म्हणजे पाप! बरं, निदान साखळ्या उतरवून बघू? तेही नाही. छत नुकतंच रंगवलं होतं, शिडी टेकली तर चितारलेल्या पोपटांच्या शेपट्या पुसल्या जातील.

"मंगळवारी व्याही पुन्हा येणार आहेत," राजे म्हणाले. "तोवर झोपाळा गप्प झाला पाहिजे. तेल नाही, शिडी नाही, झोपाळ्याला बोटसुद्धा लावायचं नाही. नाही जमलं तर भाता उचल आणि दुसरं गाव बघ."

भिवाच्या चार पिढ्यांनी देवकुंडीतच ऐरणीवर घाव घातले होते. दुसरं गाव कुठल्या दिशेला असतं हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. घरी येऊन तो थंड भट्टीपुढं बसून राहिला. त्याची लेक हौसा जिभेनं तिखट होती, पण बापावर तिचा भारी जीव. त्याचं उतरलेलं तोंड तिला बघवेना.

"बाबा, आकडं कुठल्या अंगानं घासल्यात?" तिनं विचारलं.

भिवानं आठवून सांगितलं. उजवीकडचा आकडा एकाच अंगानं घासून आरशासारखा चकचकीत झाला होता. डावीकडचा होता तसा काळाच. "ह्या पोरीला इथंच मेख सापडली," असं नंतर गावात सगळे म्हणाले, पण त्या घडीला ती नुसती "हूं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती राणीसाहेबांचा धार लावलेला अडकित्ता पोचवायला राजवाड्यात गेली आणि दिवाणखान्याच्या खांबाआड उभी राहिली. झोपाळा करकरत होता. येणारा-जाणारा प्रत्येक जण मान वर करून आकड्यांकडे बघे. हौसा मात्र खाली, राजांच्या पायाकडे बघत होती. थोड्या वेळानं तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि हसू दाबत घर गाठलं.

दुखणं कुठं आहे ते तिनं बापाला सांगितलं, तेव्हा भिवानं कपाळाला हात लावला. हे राजांच्या तोंडावर सांगणार कोण? कारभारी विसाजीपंत अकरा वर्षं राजांच्या पुढ्यात उभे होते, पण "होय महाराज" पलीकडे तिसरा शब्द त्यांनाही कधी सुचला नव्हता. हौसा म्हणाली, सांगायला लागणारच नाही.

मंगळवारी सकाळी ती रांगोळीचा डबा घेऊन दिवाणखान्यात हजर झाली. व्याही यायचेत, जमीन मोकळी बरी दिसत नाही, असं तिनं पंतांना पटवलं. मग झोपाळ्याखाली आणि पुढं तिनं लक्ष्मीची पावलं काढली. एक नाही, दोन नाही, अशी दाट काढली की मध्ये पैसा ठेवायलाही जागा उरली नाही.

व्याही आले. राजे झोपाळ्यापाशी आले आणि थबकले. लक्ष्मीवर पाय कसा द्यायचा? हौसानं कडेला पाट ठेवला, राजे त्यावरून वर चढले आणि तिनं पाट उचलून घेतला. सवयीनं राजांचा उजवा पाय खाली आला आणि विस्तवाला लागल्यासारखा वर गेला. आता दोन्ही पाय वर घेऊन टोकाला बसावं तर फळी कलायला लागली. शेवटी राजे सरकत सरकत मधोमध आले आणि मांडी घालून बसले. मागं उभ्या हुजऱ्यानं हलकासा झोका दिला.

झोपाळा गेला, आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. चकार शब्द नाही.

"बैल सोडलेत वाटतं?" व्याही म्हणाले.

राजे फुलून गेले. मग त्यांनी हौसाला जवळ बोलावून वर आकड्यांना काय केलंस म्हणून विचारलं. ती म्हणाली, काहीच नाही, बोट लावायचं नाही अशी आज्ञा होती ना! राजांना शंका आली. त्यांनी पाट परत मागवला, उजवीकडे सरकले, पाय पाटावर टेकवला आणि रेटा दिला. फळी तिरपी गेली. करर्र! पाय वर घेऊन ते मध्ये सरकले. गप्प. पुन्हा टोकाला, पाय खाली. करर्र!

"म्हणजे आकडे नव्हे," राजे सावकाश म्हणाले, "आम्ही करकरत होतो?"

पंतांनी छतावरचे पोपट मोजायला घेतले. दाराशी उभ्या भिवानं डोळे मिटले.

"तसं म्हणायची माझी काय छाती, महाराज?" हौसा म्हणाली.

"मग पहिल्याच दिवशी सरळ सांगायचं होतंस!"

"सांगून तुमी कुनाचं ऐकताय, महाराज? म्हणून जिच्यापुढं पाय आवरता, तिलाच मधी घातलं."

आधी व्याही खदखदले. राजांनी डोळे वटारायचा प्रयत्न केला, पण मिशीच फितूर झाली, आणि ते इतके हसले की झोका द्यायला हुजऱ्याची गरज उरली नाही. भिवाला त्यांनी तिथल्या तिथं वाड्याचा लोहार नेमला, आणि हौसाला घरी झोपाळा टांगायला अस्सल सागाची फळी आणि पितळी साखळ्या काढायला सांगितल्या.

"आकडे मात्र तुमचे तुम्ही ठोका," डोळे पुसत राजे म्हणाले. "आणि बसताना पाय कुठं ठेवायचा, ते तुला सांगायला नकोच!"