शास्त्रीबुवांचे सोवळे

त्र्यंबकशास्त्री गावचे मोठे पुराणिक. त्यांच्यापुढे तोंड उघडण्याची कोणाची छाती नव्हती. तपासणीत त्यांच्या रक्तात एचआयव्ही निघाला. पत्नी विमल मात्र निरोगी होती. यापुढे निरोधावाचून जवळ येऊ नका, असे डॉक्टरांनी दोघांनाही बजावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमलने निरोधाचे पाकीट पुढे ठेवताच शास्त्रीबुवा कडाडले, "नवराबायकोत आडपडदा? माझ्यावर विश्वास उरला नाही, असं सरळ म्हण की!"

ते पूजेला निघाले होते. रेशमी सोवळे नेसलेले होते. विमल शांतपणे म्हणाली, "अहो, देवापुढे हे सोवळं नेसता, ते देवावर विश्वास नाही म्हणून का?"

"मूर्ख! आपला विटाळ देवाला लागू नये म्हणून."

"मग मलाही तेवढंच जपा. तुमचं दुखणं मला लागू नये, इतकंच मागते."

शास्त्रीबुवांची मान खाली गेली, आणि क्षणभर विमलला वाटले, आपण वाचलो.

मग ते म्हणाले, "तो देव आहे. तू बायको आहेस." पाकीट खिडकीबाहेर भिरकावून ते देवघरात गेले.

विमलने आपले अंथरूण माजघरात नेले आणि आतून कडी लागते का ते पाहिले. लागत नव्हती.