मिठागरातले बूट

हे बाहेर सांगायचं नाही, असं घरी बजावलंय. पण राहवत नाही.

गाव मिठागरावर वसलं. गावाच्या इतिहासाच्या शिळेवर मालक दत्ताजीशेठ पाथरवटाकडून फक्त आपल्या पणजोबांचं नाव कोरून घेत होते. धाकलीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या तीन पिढ्यांनी ते आगर, त्याचा चिखलाचा तळ पायांनी तुडवून घट्ट करत, घडवलं होतं.

"तुमच्याकडे पुरावा आहे?" शेठ गुरकावले. "हा बघा आमचा! पणजोबा स्वतः तळ तुडवताहेत." त्यांनी जुना फोटो सगळ्यांपुढे नाचवला.

धाकलीबाईने तो निरखला. "शेठ, पायांत बूट आहेत की! टाच रुतली की तळ फुटतो, मीठ मातकट होतं. म्हणून आम्ही अनवाणी उतरतो. तुमचे पणजोबा फोटोपुरते उतरले आणि आमच्या माणसांना तळ पुन्हा तुडवायला लावून गेले!"

पाथरवटाने शेठांकडे पाहिलंच नाही. "मावशी," तो म्हणाला, "त्या माणसांची नावं सांगा."