स्वस्तातला मध

फार पूर्वी रानातल्या बाजारात एक तरस निम्म्या भावात मधाचे भोपळे विकायला बसला. अस्वलिणीने झटकन एक घेतला आणि पिल्लाच्या हाती दिला. रेवा साळूला मात्र शंका आली. इतका स्वस्त कसा?

"झाकण उघडून दाखवा," ती म्हणाली.

"घरी जाऊन उघड," तरस गुरकावला.

"किती गं संशयी तू!" अस्वलीण हसली.

"पिल्लांच्या पोटात जायचंय ते," म्हणत रेवाने झाकण काढलं आणि एक थेंब मुंग्यांच्या रांगेपाशी टाकला. मुंग्या जवळ आल्या, थबकल्या आणि लांबून वळसा घालून गेल्या.

तरस घाईघाईने बोचकं आवरू लागला.

अस्वलिणीने पिल्लाच्या तोंडचा भोपळा हिसकावला आणि तरसाची वाट अडवली. "जाण्याआधी एक घोट तू घे."

तरसाने तोंड फिरवलं.